मामांच्या डब्यातली माती

माती विकत घेणाऱ्या माणसाला स्वर्गात जागा मिळू नये, असं मनापासून वाटणारा जगात एकच माणूस असेल आणि तो दिंद्रुडला राहतो. ते माझ्या वडिलांचे मामा. अख्खं गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही मामाच म्हणतो. आयुष्यभर एसटी चालवून ते निवृत्त झाले आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांत झाडं लावू लागले. पण झाडं हे निमित्तच असावं. त्यांचा खरा जीव माती कालवण्यात. गाळ, लेंडीखत, भिजवून मऊ केलेली भुईमुगाची टरफलं आणि मूठभर राख, हे सगळं अंगणात ओतून ते पुरण वाटायला बसावं तसे मांडी घालून बसतात. मग एक मूठ घट्ट दाबायची, बोटानं हलकेच टोचायची. मूठ फुटली तर माती जमली. नाही फुटली तर, "अजून रुसलीय," म्हणून पुन्हा कालवायची. हॉटेलातला चहाचा चोथा, गिरणीतला भुसा, मेंढरं बसून गेलेल्या रानातल्या लेंड्या, यातलं काहीही दिसलं की मामांच्या खिशातून पिशवी निघते. एकदा शेजारच्या सरांनी नर्सरीतून तयार मातीची पिशवी आणली. मामा कुंपणापाशी गेले आणि एवढंच म्हणाले, "सर, आता वारा कुटून इकत आणनार?"

माझ्या चुलतभावाचं लग्न लिंबागणेशला होतं. पंगत बसली आणि मामा गायब. वराकडचे मामा रुसले, अशी मांडवभर बोंब झाली. मानपानात काय कमी पडलं, हे कुणालाच कळेना. शेवटी नवरीचे वडील टॉवेल-टोपी घेऊन शोधत निघाले, तर मामा आचाऱ्याच्या चुलवणाशी बसून राख चाळत होते.

"मामा, आमचं काय चुकलं असंल तर पदरात घ्या," नवरीचे वडील हात जोडून म्हणाले.

"चुकलं तर हायच. राखंत कोळसं लई हायेत," मामा म्हणाले. मग टॉवेल घेऊन त्यातच त्यांनी राख बांधली.

या माणसाची एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मामांचं मूळ गाव धरणात गेलं. गाव सोडताना त्यांनी आईनं लावलेल्या गावठी गुलाबाची एक काडी आणली होती. तो गुलाब अजून त्यांच्या दारात डब्यात आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की लोक शेतासाठी ट्रॅक्टर भरून गाळ नेतात. मामा एकच पोतं नेतात, पण टेकडीवरच्या देवळाकडे बघत, पावलं मोजत, त्यांच्या अंगणाची जागा असेल तिथूनच. तो गाळ फक्त गुलाबाला.

मागच्या दिवाळीत मी सुट्टीवर गेलो तेव्हा गुलाब पिवळा पडला होता आणि मामा त्यावर आणखी गाळ घालत होते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, तोही शेतीच्या. काय झालंय ते मला दिसत होतं. पण सांगायचं कसं? मामांच्या गावची मातीच त्यांच्या गुलाबाला मारतेय, हे माझ्या तोंडून निघेना. नाही सांगावं, तर गुलाब जाणार. दोन दिवस मी नुसता त्या डब्याभोवती घुटमळत राहिलो.

"का रं घुटमळतोस? बोल की," शेवटी तेच म्हणाले.

"मामा, गाळ शेतात चांगला. डब्यात जड होतो. पाणी धरून ठेवतो, मुळं कुजतात."

"तुमच्या पुस्तकात आमच्या गावचा गाळ हाय व्हय?"

"न्हाई मामा. पुस्तकात नुसतं काळ्या मातीचं हाय."

त्यांनी डबा पुढ्यात ओढला. मग म्हणाले, "बादली आण."

आम्ही गुलाब उपसला. निम्मी मुळं काळी पडली होती. मामांनी ती कापली आणि उरलेली मुळं बादलीत धुतली. लहान मुलाचं डोकं धुवावं तशी, हळूहळू. पाणी गढूळ होत गेलं. जाड वाळू, टरफलं आणि लेंडीखत कालवून आम्ही डबा भरला. त्यांना बरं वाटेल म्हणून मी एक मूठ गाळ वर टाकायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला.

"नगं. तगू दे त्याला."

परवा त्यांचा फोन आला. गुलाबाला फुटवे आलेत, एक कळीही धरलीय, असं सांगून झालं. तरी ते फोन ठेवेनात. मग म्हणाले, "धरणात पाणी किती हाय, ते मोबाईलवर दिसतं का रं?"

मी बघितलं. "भरलेलंच हाय, मामा. औंदा गाव काय उघडं पडत न्हाई."

"बरं," ते म्हणाले. "बरंच झालं की. लोकाला पाणी लागतंच."