फळ्यांवरच्या खिडक्या

युद्ध संपून दोन हिवाळे उलटले, तरी त्या रस्त्यावरच्या पडक्या घरांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. परदेशी पाहुणे यायचे ठरले आणि नगरपालिकेला एकाएकी लाज वाटायला लागली. घरं दुरुस्त करायची कटकट कोण करणार? समोरून सलग फळ्या ठोकल्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला हुकूम सुटला, यावर खिडक्या काढ.

पेंटरची थोरली बहीण त्याच फळ्यांमागे राहायची. नवरा आघाडीवरून परतलाच नाही, बॉम्बनं खिडकीची काच गेली. काचेसाठी अर्ज करून करून ती थकली, तिचा खोकला काही थकला नाही. "पाहुणे जाऊ देत. फळ्या काढू आणि पहिली काच तुझ्या ताईला," नगरपालिकेच्या साहेबांनी शब्द दिला. पेंटर बिचारा हुरळून गेला.

तिच्या खिडकीपुढच्या फळीवर त्यानं आहे तेच काढलं. फुटकी चौकट, विझलेली शेगडी, घोंगडीत गुरफटलेली ताई. साहेब बघून म्हणाले, "हात चांगलाय, डोकं ठिकाणावर नाही. काच लाव, पडदा लाव, बाईला हसव."

पेंटरनं मुकाट्यानं बहिणीला हसवलं. काच तर अशी चकचकीत वठली की पाहुण्यांनी मोटारीतून हात हलवला.

पाहुणे गेले, फळ्या हलल्या नाहीत. पेंटर कचेरीत गेला. कारकुनानं फाइल उघडून दाखवली. ताईच्या अर्जावर फुली आणि सोबत फोटो, त्यात काच, पडदा, हसरी बाई.

"काच आहे की घराला."

"अहो, ती मीच रंगवलीय."

"मग तर तुम्हाला माहीतच असायला हवं."

पेंटरचं टाळकं सरकलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं ताई पुन्हा होती तशी काढली आणि शेजारच्या खिडकीत भरल्या ताटावर बसलेले साहेब. कामाला निघालेले लोक थबकले. एक म्हातारा टोपी काढून कितीतरी वेळ उभा राहिला. इतकं खरं त्या शहरात कुणी बरेच दिवस बोललं नव्हतं.

दुपारी साहेब स्वतः आले, चुन्याची बादली घेऊन. "सगळं पांढरं कर. नाहीतर मागची घरं रिकामी आहेत असं लिहून उद्या पाडून टाकतो."

ताईला न्यायचं कुठे? पेंटरनं कुंचला बुडवला आणि आधी तिचा चेहरा पुसला.

फळीमागून ताई खोकत म्हणाली, "चुन्याचे दोन हात दे रे बाबा. फटीतून वारा येतो."