कबरीवरचं ताट

सीमा आखली तेव्हा नास्ताचं सेतो जमातीचं गाव एस्टोनियात राहिलं आणि तिची आई रशियात, कबरस्तानासकट. ऑगस्टातल्या मेरीमातेच्या सणाला नास्ता पलीकडे जायची, कबरीवर भरतकामाचं कापड अंथरायची आणि उकडलेली अंडी, तळलेला मासा, घरचं चीज मांडायची. तिथे जो येईल त्याला वाढायचंच. नाही म्हटलं तर मेलेला जीव उपाशी राहतो.

यंदा एक अनोळखी माणूस आला. आईचं नाव घेऊन त्याने क्रुसाची खूण केली, अंडी खाल्ली आणि सहज घरच्यांची चौकशी केली. आपला भाचा सीमेवर पहाऱ्याला असतो, हे नास्ताने कौतुकाने सांगितलं. कुठल्या चौकीवर, तेही सांगितलं.

आठवड्याभरात गुप्तचर खात्याची बाई दारात उभी. साधा कोट, साधी गाडी. पण ही तर दूधवाल्याची लेक मेरिके, हे नास्ताने नाकावरूनच ओळखलं. एवढ्याशा देशात हेर तरी परके कुठून आणणार?

मेरिकेने कॉफीला हात लावला नाही. तो माणूस पलीकडच्या हेरखात्याचा होता, म्हणाली. आपणहून सांगेल त्याला आम्ही त्रास देत नाही, लपवलं तर भाच्याची नोकरी जाईल. भाचा आह्तो भिंतीला टेकून उभा होता.

"मावशी, बोल आता. तिथे बरी जीभ चालली तुझी."

नास्ताने शब्द न् शब्द ओकला. नोकरी वाचली, असं मेरिके म्हणाली खरी, पण उठली नाही. पुढच्या सणाला पुन्हा जा, त्याला जेवू घाला, आम्ही सांगू तेवढंच त्याच्याशी बोला, असं तिचं म्हणणं.

"आईच्या ताटाला गळ लावू?" नास्ता म्हणाली. "तुझी आजीही तिथेच आहे ना गं? तिच्या कबरीवर बस की गळ टाकून."

"या नोकरीत मला पलीकडे जाता येत नाही. माझी आजी उपाशीच आहे."

"मग नोकरी सोड. आणि ती कॉफी पी नाहीतर ऊठ."

मेरिके उठली. जाताना एवढंच बोलली, की मग तुम्हीही आता पलीकडे जाऊ नका.

पुढच्या सणाला नास्ताने टोपली शेजारणीच्या हाती दिली. आईला सगळं मांड म्हणाली, आणि एक अंडं दूधवाल्याच्या आईलाही ठेव. नात अशी निघाली, त्यात म्हातारीचा काय दोष?

"आणि तो मेला हेर आला तर?" शेजारणीने विचारलं.

"वाढ त्याला. पण तू तोंड फक्त खायला उघड."