गप्प राहण्याचा हक्क

वैजयंती सबनीस आणि शशी वर्तक यांची घरं एका भिंतीची, एकोणीस वर्षं. तरी वैजयंतीबाई वारल्यावर अंत्यविधी करणाऱ्या गुरुजींनी त्यांच्या आईचं नाव विचारलं, माहेर कुठलं ते विचारलं, तेव्हा शशीभाऊंना काहीच सांगता येईना. त्यांना ठाऊक होतं ते इतकंच: बाईंचा नवरा इथं इंग्लंडात, ब्रिस्टलच्या इस्पितळात हाडांचा डॉक्टर होता, तो आधीच वारला. एकुलता एक मुलगा अनिश, फार्मसिस्ट. आणि तरुणपणी पुण्यात बाईंना वकील व्हायचं होतं, ते वडिलांनी होऊ दिलं नाही. अनिशला तुरुंगातून दोन तासांसाठी आणलं होतं. तो शेजारी उभा होता, पण त्याला विचारायचा धीर कुणालाच झाला नाही.

नवरा गेल्यावर बाईंनी एका अमेरिकन विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स केला, तिथल्या राज्यघटनेवरचा. मग आणखी एक. दोन्ही सर्टिफिकेटं फ्रिजवर लावली. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत सात-आठ मराठी म्हातारी माणसं जमायची, पोहे व्हायचे आणि बाई एखादा खटला सांगायच्या, कीर्तनात आख्यान लावावं तसा. काळ्या मुलीला जवळची शाळा बंद, म्हणून ती रेल्वेचे रूळ ओलांडत लांबच्या शाळेत जाते, तिचा बाप कोर्टाची पायरी चढतो. गिडियन नावाचा फाटका माणूस, वकील न देताच तुरुंगात टाकलेला, तिथून पेन्सिलीनं सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहितो. आणि न्यायालय तो वाचतं! इथं बाईंचा आवाज हमखास भरून यायचा.

"पण ताई, अमेरिकेचंच का?" त्या मंडळींतली नीना दर वेळी डिवचायची. "राहतो तर इथं."

"इथली घटना दाखव मला एका पुस्तकात. बोट ठेवून दाखव."

"इथलं म्हणजे माझ्या सासूबाईंचे नियम. सगळे कुठे लिहिलेले नाहीत, मोडला की कळतो."

सगळे हसायचे. शशीभाऊही हसायचे, जरा उशिरा.

मार्चमधल्या अशाच एका रविवारी पोह्यांच्या बशा हातात असतानाच बाईंचा फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून त्या नेहमी स्पीकरवरच बोलायच्या. त्यामुळे अनिशचा शब्द न् शब्द सगळ्यांनी ऐकला.

"आई, मी पोलिस स्टेशनला आहे. ॲक्सिडेंट झाला. एक बाई क्रॉस करत होती... तिचा पाय, हिप, सगळं तुटलंय. मला चक्कर आली, आई. बीपीची नवीन गोळी सुरू केली ना, एकदम सगळं काळं झालं."

"तुला लागलं नाही ना?"

"नाही. सॉलिसिटर म्हणते, हे आत्ताच सांगून टाक. ती लिहून देते."

"एक शब्द बोलायचा नाही!" बाई उभ्याच राहिल्या. "सरकारनं दिलेली ना ती? तिचं काय जातंय? गप्प राहायचा तुझा हक्क आहे, अनिश. तो कुणी तुझ्यावर उलटवू शकत नाही. मी शिकलेय हे."

"शुअर ना, आई?"

"मी तुला खड्ड्यात घालेन का?"

शशीभाऊ त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते. निवृत्तीच्या काही वर्षं आधी त्यांना ज्यूरीत बसायला बोलावणं आलं होतं, तेव्हा ते दोन आठवडे कोर्टात जाऊन बसले होते. त्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला बजावलेलं त्यांना अजून आठवत होतं: आरोपी आज जे सांगतोय ते त्यानं पोलिसांना का सांगितलं नाही, याचा अर्थ काय लावायचा ते तुम्ही ठरवा. म्हणजे इथं गप्प राहणं अंगाशी येऊ शकतं. त्यांनी तोंड उघडलं. मग वाटलं, पंचवीस वर्षं झाली, कायदा बदलला असेल. आपण एक्स-रे काढणारे, आणि बाईंची दोन सर्टिफिकेटं. सगळ्यांसमोर कसं बोलायचं? तेवढ्यात फोन ठेवला गेला. शशीभाऊ आपली बशी विसळायला स्वयंपाकघरात गेले.

अनिशनं आईचं ऐकलं. त्यानं चक्कर आल्याचं सांगितलंच नाही, म्हणून त्या दिवशी त्याचं बीपी कुणी तपासलं नाही, गोळीबद्दल कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी कोर्टात त्यानं ते पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सरकारी वकील शांतपणे म्हणाली, "तुम्ही फार्मसिस्ट आहात. गोळीनं चक्कर येते हे तुम्हाला त्याच दिवशी सुचायला हवं होतं, नाही का?" अनिशनं वर गॅलरीत आईकडे पाहिलं. "आईनं सांगितलं म्हणून" हे काही तो बोलला नाही.

वीस महिन्यांची कैद झाली. त्याची बायको वरदा माहेरी क्रॉयडनला निघून गेली. तिनं सासूचे फोन घेणं बंद केलं.

अपिलात अर्थ नाही, असं अनिशचा बॅरिस्टर म्हणाला. मग बाईंनी स्वतःच अपिलाच्या कोर्टाला पत्र लिहिलं. शशीभाऊंना इंग्रजी तपासायला बोलावलं. रेघा आखलेले अकरा कागद, आणि सगळं पेन्सिलीनं.

"ताई, पेननं लिहा ना. नाहीतर टाइप करू या."

"नाही. गिडियनचं वाचलं होतं त्यांनी."

इथल्या कोर्टाला गिडियनचं काय, हे शशीभाऊ म्हणाले नाहीत. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. अर्ज फक्त शिक्षा झालेली व्यक्ती करू शकते, आणि तोही ठरलेल्या फॉर्मवर. बाईंनी दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. त्याला उत्तरच आलं नाही. त्यांचं जेवण सुटलं. रविवारची मंडळी दोनदा येऊन गेली, बाईंनी दार उघडलं नाही. भिंतीपलीकडून दिवसभर आवाज यायचा, त्या एकट्याच कोर्टापुढे बाजू मांडत असल्यासारखा.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी शशीभाऊ मनाचा हिय्या करून गेले. ज्यूरीचं सांगायचं, मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही, हे सांगून मोकळं व्हायचं, मग बाई हाकलून देवोत. दार उघडताच बाईंनीच विचारलं, "शशीभाऊ, खरं सांगा. अनिशला मी घालवलं ना आत?"

सांगायची वेळ हीच होती. त्यांचे ओठ हलले.

"नाही हो, ताई. कुठल्याही आईनं हेच केलं असतं."

 बाई मान हलवून आत वळल्या. टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या तुरुंगभेटीचा कागद होता, शेजारी ओळख दाखवायला पासपोर्ट. त्या भेटीहून परतताना, ट्रेनमध्येच, त्यांचं हृदय बंद पडायचं होतं. ते तेव्हा कुणाला ठाऊक?

शशीभाऊ दारापर्यंत आले. बाई मागून म्हणाल्या, "उद्या कचऱ्याची गाडी ना? मी सातलाच निघणार आहे."

"मी ठेवतो तुमचा डबा बाहेर."

"काळा हं. हिरवा पुढच्या आठवड्यात."

"हो. काळा."