रजियाने पाहिलेली फिट

न्हावऱ्याची रजिया शेख शिरूरजवळच्या एका फार्मसी कॉलेजात उंदरांच्या खोलीवर कामाला होती. पस्तिशीची बाई, हात हलका. उंदीर तिच्या तळव्यावर निवांत बसायचे.

मिरगीच्या नव्या औषधाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा तो करणाऱ्या शितल मॅडमनी तिला मदतीला घेतलं. निम्म्या उंदरांना आधी औषध द्यायचं, मग सगळ्यांना फिट आणणारं इंजेक्शन द्यायचं, अर्धा तास नजर ठेवायची आणि आकडा लिहायचा. काहीच नाही तर शून्य, नुसता थिजला तर एक, झटके आले तर दोन, असं करत पार कोसळला तर पाच. कुठल्या उंदराला औषध मिळालंय, हे बघणाऱ्याला सांगायचं नाही.

पहिला उंदीर कोसळला आणि रजिया आकडा लिहायचा विसरून बघतच राहिली. लहानपणापासून तिला फिट यायच्या. रोजच्या गोळीमुळे चार वर्षांत एकही आली नव्हती. पण फिट दिसते कशी, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. शुद्धीवर येताना दिसायची ती फक्त भोवती वाकलेली माणसं.

घरी तिनं आईला विचारलं, "अम्मी, मी बी अशीच तडफडायचे?"

आई भाजी निवडायची थांबली. "व्हय. लोक चप्पल हुंगवा म्हनायचे. म्या न्हाई हुंगवू दिली."

कॉलेजात मात्र रजियानं आजार लपवला होता. काम जाईल, ही धास्ती.

पुढच्या आठवड्यात एक उंदीर भुसा उकरता उकरता थबकला. शितलनं शून्य लिहिलं.

"मॅडम, एक लिहा. त्यो गप बसला न्हाई. त्यो हितं नव्हताच."

"तुम्हाला कसं कळलं?"

रजिया घुटमळली. "मला बी असं व्हायचं. हातातलं काम तसंच ऱ्हायचं, मधला येळच गायब."

शितलनं पिंजऱ्यावरच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ तीनदा पाहिला आणि शून्य खोडून एक केला. मग हलकेच विचारलं, "गोळी वेळेवर घेता ना?"

काम गेलं नाही. उलट त्यानंतर दोघी वेगवेगळे आकडे लिहून ताडून पाहू लागल्या. शेवटी निकाल लागला: औषध दिलेले आणि न दिलेले उंदीर सारखेच कोसळले होते, कित्येक मेलेही होते. शितलनं अहवालात तसंच लिहून पाठवलं.

"मंग एवढे जीव फुकट गेले?" रजियानं विचारलं.

"हे औषध माणसाला द्यायचं नाही, एवढं तरी कळलं."

रजियाला ते पटलं, पण पुरतं नाही. पुढच्या प्रयोगाला यायचं का, याचा विचार करायला तिनं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी हो म्हणाली.