नदीखालून पलीकडे

मालवणला तेव्हा आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राही आणि माणसांना होडीतून तिच्यापर्यंत न्यावं लागे. मला न्यायला माझे पापाच आले. खाडीवर तरीची होडी चालवणं हाच त्यांचा धंदा. या काठाची माणसं त्या काठाला सोडायची, तिथली इकडे आणायची. त्या सकाळी होडीत माझी पत्र्याची ट्रंक, मी आणि माय. ट्रंकेची कडी मायने शेवटपर्यंत सोडली नाही.

आगबोटीच्या शिडीशी पापा एवढंच म्हणाले, "भिया नको गो. बोटीत लोका आसत."

होडी परत फिरली. वल्हवणाऱ्याचं तोंड नेहमी मागे असतं. त्यामुळे किनारा लागेपर्यंत पापा माझ्याकडे बघत होते. माय किनाऱ्याकडे तोंड करून बसली होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

पाद्रीबाबांच्या ओळखीने मुंबईमार्गे जर्मनीत, हॅम्बुर्गला सिस्टरांच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकायला मी निघाले होते. एकोणीस वर्षांची पोर. तोवर कुडाळच्या बाजारालाही कधी एकटी गेले नव्हते. पाच-सहा महिन्यांत माझं सगळं अवसान गळालं. थंडीचं एक वेळ सोसलं असतं, पण भाषा येईना. पेशंट काही मागायचे आणि मी पाणी, उशी, पांघरूण असं एकेक पुढे करत राहायची. लिननच्या खोलीत जाऊन रडायची. शेवटी आमच्या मोठ्या सिस्टरना, सिस्टर आगाथांना, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, मला घरी पाठवा.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पाठवते. पण हे शहर तू अजून पाहिलंच नाहीस. रविवारी जाऊन ये. एकटी जा. संध्याकाळी मला सांग."

रविवारी चर्चमध्ये पहाटेची मिस्सा ऐकून मी ट्रामने बंदराकडे गेले. उतरले आणि वारा नाकात शिरला. मासळी! एल्बे नदीच्या काठावर बाजार भरला होता, गलका आमच्या बाजाराइतकाच. मोठमोठे पुरुष, लोकरी टोप्या घातलेल्या बाया, माशांच्या पेट्या. एका पेटीत आमच्या बांगड्याचा थोरला भाऊ शोभावा असा मासा दिसला. मी विचार न करता एक उचलला आणि कल्ले उघडून पाहिले.

पेटीमागची म्हातारी खो खो हसायला लागली. साडीवर ओव्हरकोट घातलेली ही पोर मासे पारखते! "माक्रेले," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आमी बांगडो म्हणतंव."

"बांगडो!" ती ओरडली, आणि शेजारच्या पाटीवाल्यांना हाका मारमारून तिने माझा बांगडो साऱ्या ओळीला ऐकवला. मग माझे गारठलेले हात आपल्या हातात घेऊन चोळले, खारट हातांनीच. ती जर्मनमध्ये बोलत होती आणि मी सरळ मालवणीत. तिने मागच्या इमारतींकडे बोट केलं, आकाशातून काहीतरी पडल्याचा हात केला, "आल्लेस कापुट," म्हणाली, सगळं मोडलं. मग विटेवर वीट ठेवल्यासारखे हात करत वर वर नेले आणि हसली. इतक्या महिन्यांत कुणाचं बोलणं मला पहिल्यांदाच पूर्ण कळलं होतं.

तिनेच मला पुढचा रस्ता दाखवला. घुमटाखालच्या एका प्रचंड पाळण्यात, म्हणजे लिफ्टमध्ये, माणसं, सायकली, एक मोटारसुद्धा चढली, आणि पाळणा आम्हाला घेऊन जमिनीत उतरला. खाली पांढऱ्या चकचकीत फरश्यांचं लांबच लांब भुयार. वर नदी, नदीवर आगबोटी, आणि खालून लोक आपले रविवारच्या कपड्यांत गप्पा मारत पलीकडे चाललेले. भिंतींवर मासे आणि कुर्ल्या कोरलेल्या. त्यांवरून हात फिरवत मी चालत राहिले. माणसांनी हे हातांनी केलं आहे, या विचारानं ऊर भरून आला.

पलीकडे वर आले आणि मागे वळले. अख्खं हॅम्बुर्ग समोर होतं: हिरवे पडलेले मनोरे, क्रेन, काळवंडलेल्या उघड्या भिंती आणि त्यांना खेटून उभी कोरी करकरीत घरं. दुसरं महायुद्ध संपून वीस वर्षंही झाली नव्हती. पाऊस भुरभुरत होता. मी कितीतरी वेळ तिथे उभी राहिले. ज्या गावानं स्वतःला असं उभं केलं, त्याच्याकडून काही न शिकता जाणं मला बरं वाटेना.

संध्याकाळी सिस्टर आगाथांना म्हटलं, "मी राहते."

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट भिजलेत. आधी ते काढ," म्हणाल्या, आणि स्वतः गरम सूप आणायला गेल्या.

मी राहिले. भाषा आली, वॉर्ड आला, पुढे दोन खोल्यांचं बिऱ्हाडही झालं. एकदा सुट्टीत मालवणला आले होते. निघायच्या आदल्या दिवशी माय आमसुलं बांधत होती. मी सहज बोलून गेले, "घराक पोचलंय काय कळयतंय."

मायचे हात थांबले. मला चूक उमगली, पण शब्द परत घेता येईना.

तिने विचारलं, "थंय आता कोण आसा?"

"कोण नाय. कुलूप आसा."

तिने गाठ मारली, ओढून घट्ट केली. "मगे वेळेर जा गो. घर इतके दिस बंद ठेवू नये."

आता पापा नाहीत, मायही नाही. तुम्ही गावात राहिलेले मला विचारता, कायमची कधी येतेस. माझ्यासारखे परदेशी गेलेले विचारतात, अजून मालवणला कशाला जातेस. मालवणला असले की हॅम्बुर्गच्या कुलपाची काळजी लागते, हॅम्बुर्गला असले की मालवणच्या. म्हणून वर्षातून दोनदा प्रवास करते. कुठेही पोचले की अंगावरचा कोटसुद्धा न काढता आधी साऱ्या खिडक्या उघडते.