शेवटच्या मागाचं बटण

चुकीवर एवढा जीव असलेला माणूस सोलापुरात दुसरा नसेल, असं मी आमच्या मालकांच्या मेहुण्यांबद्दल बिनधास्त सांगतो. एखादी वस्तू पहिल्या फटक्यात चालली की त्यांचा चेहरा उतरायचा. "चाललंय म्हंजे कुटंतरी बघायचं राहिलंय की," म्हणत ते ती परत खोलायचे. बहिणीचा नवाकोरा मिक्सर त्यांनी असाच खोलला. त्या घरात मग कितीतरी दिवस शेंगाचटणी खलबत्त्यात कुटत होते. चालताना ते स्वतःशी बोलत आणि स्वतःचं म्हणणं पटलं नाही की अक्कलकोट रोडवर मधोमध उभे राहत. मागून ट्रकवाले हॉर्न मारून दमत.

पन्नाशी उलटल्यावर ते मोबाइलवर बघून पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकले आणि मालकांच्या टॉवेल कारखान्यात एक स्क्रीन लावून मोकळे झाले. मागांची यादी दिली की प्रोग्राम आपोआप एकेका मागाचं बटण तयार करायचा. धागा तुटून माग थांबला की आपलं बटण दाबायचं, म्हणजे ऑफिसात मालकांना दिसणार. पण झालं भलतंच. कुणीही कुठलंही बटण दाबलं, तरी तिकडे शेवटचाच माग बंद दिसायचा. भिंतीकडचा तो शेवटचा माग माझा होता.

आठवीत शाळा सोडून मी चंद्रपूरकडून इतक्या लांब आलेलो. मालकांनी ऑफिसात बोलावलं. "झोपा काढतो काय रे? उद्या असंच दिसलं तर गावाकडची गाडी पकड." माझं 'चालूच होता मालक' कुणी ऐकलं नाही. मेहुण्यांनी ऐकलं, आणि त्यांचे डोळे लकाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कडक भाकरीचा डबा घेऊन माझ्या मागासमोर स्टूल टाकून बसले. माझ्याकडे नाही, मागाकडे बघत. दुपारी मालक तणतणत आले, "हा परत बंद दाखवतोय!"

मेहुणे खडखडाटात ओरडले, "दाजी, सकाळधरनं हितंच बसलोय. माग येकदाबी थांबला न्हाय. बंद पडलंय ते माजं डोस्कं! मी परत्येक बटणाला सांगितलं, दाबलं की यादीत बोट ज्या मागावर आसंल त्येचा नंबर सांग. बटणं करत करत ते बोट शेवटच्या मागावर जाऊन थांबलं. आता सगळी बटणं तोच नंबर सांगत्यात. बटण तयार करतानाच ज्याचा नंबर त्याच्या हातात द्याय पायजे हुता."

"आणि ह्याला एवढं बोललो ते?"

"ते मला बोला की."

संध्याकाळी आभार मानायला गेलो, तर ते पायरीवर खिन्न बसलेले. बटणं बरोबर चालायला लागली होती.

आता ते हुबळीला मुलीकडे असतात. मी अजून त्याच मागावर आहे. परवा फोनवर आईला सांगितलं, एक माणूस अर्धा दिवस माझ्या मागासमोर बसून राहिला, म्हणून माझं काम टिकलं.

"आपला कोन लागते रे तो?" आईनं विचारलं.

"मालकांचा मेहुणा," मी म्हटलं. फोन ठेवल्यावरही वाटत राहिलं, की तिनं विचारलेलं मी सांगितलंच नाही.