फ्लेक्समध्ये गुंडाळलेली मधपेटी

आमच्या सोसायटीत माश्या दिसल्या की आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. विचार नंतर, तोही कुणाला आला तर. आणि याच लोकांना मध मात्र ‘प्युअर’ पाहिजे! याविरुद्ध मी पत्रकं वाटली, जिन्यात भांडलो आणि शेवटी गच्चीवर मधमाश्यांची एक लाकडी पेटी ठेवायची परवानगी मिळवलीच. अट एकच : पेटी कुजली की बाहेर. अट घालणारे अध्यक्ष म्हणजे आमच्याच मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त.

ऐन पावसाळ्यात दोन महिने गावी गेलो. परत येऊन बघतो तर पेटीच्या जागी एक नेते हात जोडून उभे! निवडणुकीचा जुना फ्लेक्स पेटीला सुतळीने घट्ट आवळलेला. जोडलेल्या हातांखालच्या फटीतून माश्या ये-जा करत होत्या.

“काका, हे कुणी केलं?”

“मी. तुझी चळवळ भिजत होती.”

मी तणतणत फ्लेक्स सोडला. आत नुसता दमटपणा. फळ्यांवर पांढरी बुरशी, तळाच्या फळीचा भुगा नखानेही निघत होता.

“अहो काका, वरून पाऊस अडवायचा, बाजूंना वारा लागू द्यायचा! असं कोंडलं तर लाकूड कुजणारच.”

“पत्रकात ‘मधमाश्या वाचवा’ एवढंच होतं. कसं, ते कुठे लिहिलं होतंस?”

मी ओल्या फ्लेक्सची घडी घालायला लागलो.

“कुजली की बाहेर, असं ठरलंय,” शेवटी मीच म्हणालो.

“ठरलंय खरं. पण कुजवली मी. मग मी जाऊ का बाहेर?”

उघडीप मिळाल्यावर माझ्याकडच्या दुसऱ्या, रिकाम्या पेटीला आम्ही दोघांनी जवसाचं तेल लावलं. काका ब्रश आत घालायला निघाले.

“फक्त बाहेरून! आतलं माश्या बघतात.”

“बरं. निदान त्या तरी पत्रक काढत नाहीत.”

पेटीवर बाहेर झुकणारं पत्र्याचं छप्पर बसवलं. तेल पुरतं वाळल्यावर मी पोळ्यांच्या चौकटी एकेक करून नव्या पेटीत ठेवल्या. काका नाकापर्यंत रेनकोट चढवून टाकीमागे उभे होते. थोड्या वेळाने पहिली माशी पायांना पिवळे परागकण लावून आली आणि सरळ आत गेली.

काका टाकीमागून बाहेर आले. “मे महिन्यात टाक्या धुतो, तेव्हाच हिलाही तेल लावू. दरवर्षी. ब्रश माझ्याकडे राहू दे, तुझ्याकडे फक्त पत्रकं टिकतात.”